शिपायाचे नाव, सोनाराचे काम

फौजेतला जवान गळ्यात जी ओळखचकती घालतो, ती त्याच्या स्वतःसाठी नसते. आपले नाव त्याला ठाऊक असते आणि आपला नंबर तो झोपेतूनही सांगेल. ती चकती असते ती, तो स्वतः काहीच सांगू शकणार नाही अशा दिवसासाठी. नंबर, नाव असा मोजकाच मजकूर, साधा धातू, साधी दोरी. तिच्यात शोभेचे काही नाही आणि असावे अशी फौजेची अपेक्षाही नाही.

अशा चकतीसाठी कोणी चांदीचे नक्षीकाम केलेले लॉकेट घडवून घेतले, एका बाजूला फोटो आणि दुसऱ्या बाजूला चकती बसेल असे घर करून घेतले, तर ते योग्य की अयोग्य? प्रश्न लहान वाटतो. पण मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्यासारख्या भागात, जिथून पोरे फौजेत आणि निमलष्करी दलांत जातात, तिथे तो सराफाच्या पेढीपुरता उरत नाही. मेलेल्या माणसाचे नाव कोणी सांभाळायचे, कुठे आणि कोणत्या रूपात, असा तो खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. शिपायाच्या नावाला दोन जागा लागतात, एक चव्हाट्यावर आणि एक घरच्यांच्या अंगावर. नक्षीदार लॉकेट ही दुसरी जागा आहे आणि तिच्यावर घरच्यांचा पूर्ण हक्क आहे. मात्र पहिल्या जागेची जबाबदारी कोणत्याही दागिन्याने फिटत नाही.

ओळखचकतीचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हल्ल्याला निघण्यापूर्वी सैनिक कागदाच्या चिठोऱ्यावर आपले नाव-गाव लिहून तो कोटाला टाचून ठेवत. आपण बेवारस पुरले जाऊ, ही भीती त्यामागे होती. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात प्रशियाच्या सैनिकांकडे पत्र्याच्या ओळखपट्ट्या होत्या. ब्रिटिश फौजेने 1907 साली ॲल्युमिनियमची चकती सुरू केली. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला तिची जागा लाल फायबरच्या चकतीने घेतली. ब्रिटिश अमदानीतल्या हिंदी पलटणी याच व्यवस्थेच्या सावलीत लढल्या.

या व्यवस्थेत एक भयंकर त्रुटी होती. चकती एकच असे. माणूस पडला की मृत्यूची नोंद करण्यासाठी ती काढून घेतली जाई. कागदावर नोंद व्हायची, पण देह तिथेच निनावी उरायचा. नंतर त्याला पुरायला किंवा हलवायला येणाऱ्यांना तो कोण होता हे कळायला मार्ग नसे. हे लक्षात यायला दोन वर्षे आणि असंख्य देह लागले. सप्टेंबर 1916 पासून दोन चकत्या आल्या. हिरवी अष्टकोनी देहाजवळ राहायची आणि लाल गोल दफ्तरासाठी काढून घ्यायची. तरीही फायबर ओल्या मातीत कुजायचे. म्हणून पुष्कळ सैनिकांनी पदरचे पैसे घालून चांदीची साखळी, धातूची चकती, नाव कोरलेले कडे करून घेतले. युद्धानंतर उकराउकरी करणाऱ्या तुकड्यांना अनेक देहांची ओळख पटली ती सरकारी चकतीवरून नव्हे. ती पटली अंगठीवरून, सिगारेटच्या डबीवरून किंवा नंबर ठोकलेल्या चमच्यावरून.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिपायाच्या अंगावरचा दागिना म्हणजे लाड, असे समजणाऱ्यांनी ती लक्षात घ्यावी. सरकारने दिलेली वस्तू मातीत विरघळली, तेव्हा हौसेने किंवा धास्तीने घडवलेल्या वस्तूंनी माणसांची नावे वाचवली. माया आणि व्यवहार या ठिकाणी वेगळे काढता येत नाहीत.

आपल्याकडचे दाखले तर अगदी अलीकडचे आहेत. ऑपरेशन मेघदूतमध्ये 29 मे 1984 रोजी कुमाऊँ रेजिमेंटच्या 19 व्या पलटणीतले लान्सनायक चंद्रशेखर हर्बोला सियाचेनच्या हिमस्खलनात सापडले. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांचे अवशेष मिळाले. अडतीस वर्षे बर्फाखाली राहिलेल्या त्या देहाची ओळख पटली ती त्याच्याबरोबर सापडलेल्या चकतीवरच्या लष्करी नंबरामुळे. हल्द्वानीत अंत्यसंस्कार झाले. एवढ्याशा धातूच्या तुकड्याने एका घराची अडतीस वर्षांची प्रतीक्षा संपवली. महाराष्ट्रातले हवालदार टी. व्ही. पाटील 1993 साली सियाचेनमध्येच दरीत पडले. त्यांचा देह 2014 साली, एकवीस वर्षांनी मिळाला. त्यांच्या बाबतीत ओळखीचे काम खिशातल्या कागदपत्रांनी केले आणि त्यांत घरून आलेले पत्र होते. एका ठिकाणी फौजेने दिलेला नंबर कामी आला, दुसऱ्या ठिकाणी घराने पाठवलेले चार शब्द. ओळख ही या दोघांची जोडजबाबदारी आहे, हे याहून स्पष्टपणे कोणी सांगू शकेल असे वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल की ओळख पटली, नोंद झाली, मग पुढे दागिना कशाला? त्याचे उत्तर शोधण्यासाठी नावांचे आजवर काय झाले ते पाहायला हवे.

महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत, विशेषतः सातारा-रत्नागिरीकडे, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत पांढऱ्या दगडाची एक पाटी बसवलेली दिसते. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. पाटी इंग्रजीत आहे आणि तिच्यावर फक्त आकडे आहेत. चाळीस गेले आणि सहा मेले, तर ते सहा कोण? त्यांच्या बायकापोरांना ठाऊक होते, नातवांना अर्धवट ठाऊक होते. आज पाटीसमोर उभा राहणारा मुलगा आपला पणजोबा त्या सहांत होता की उरलेल्या चौतिसांत, हे सांगू शकत नाही.

बसऱ्याचे स्मारक याच कहाणीचे मोठे रूप आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी गेल्या. कुतच्या वेढ्यात उपाशीपोटी लढल्या. 29 एप्रिल 1916 रोजी कुत पडले आणि उरलेले कैदेत गेले. ज्यांची कबर कुठेच नाही अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक फक्त संख्या दिली. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने 2021 साली स्वतःच नेमलेल्या समितीच्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली. आशिया आणि आफ्रिकेतल्या किमान 1 लाख 16 हजार मृतांची नावानिशी, किंवा मुळीच, आठवण ठेवली गेली नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर ज्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले, त्यांच्यासाठी 1921 मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली, पण त्यांची नावे तिथे दगडावर यायला 2010 साल उजाडले.

आकडा हा मृत्यूचा हिशोब असतो. नाव हे माणसाचे ऋण असते. हिशोब पुरा झाला तरी ऋण फिटत नाही. ज्यांच्याकडे सत्ता नव्हती त्यांच्या वाट्याला नेहमी हिशोबच आला.

याला आपल्याकडे एक लखलखीत अपवाद आहे. भीमा कोरेगावच्या 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांत ‘नाक’ हा शेवट असलेली 22 नावे महार शिपायांची आहेत. ज्या समाजाची सावलीही नको होती, त्याच समाजातल्या माणसांची नावे दगडावर आली. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. तो स्तंभ पुढे 1941 साली उभारलेल्या महार रेजिमेंटच्या पहिल्या काळातल्या बिल्ल्यावरही आला. आज त्या रेजिमेंटचे केंद्र आपल्याच मध्य प्रदेशात, सागरला आहे. त्या दगडावर नुसती ‘इतके मेले’ अशी ओळ असती तर काय झाले असते, याचा विचार करावा. आकड्याच्या पाया पडायला कोणी जात नाही. लाखो लोक दरवर्षी तिथे जातात, कारण तिथे नावे आहेत आणि ती आपल्या माणसांची आहेत. दगडावरचे नाव बिल्ल्यावर येते आणि बिल्ला छातीवर. स्मारक आणि अंगावरचे चिन्ह यांच्यात असा जिवंत प्रवाह असतो.

आता आपल्या त्याहून जुन्या परंपरेकडे वळू. मराठी मुलुखात गावोगावी वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपूजा. कोरीव काम असे की घोड्याची मान आणि हातातली ढालतलवार आजही ओळखू येते. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. कोण लढला, कशासाठी लढला, ते गावालाही सांगता येत नाही. सातपुड्यातले कोरकू आपल्या मृतांसाठी सागवानी फळ्यांवर घोडेस्वार आणि चंद्रसूर्य कोरतात. त्या फळ्या देखण्या आहेत, पण त्यांवरही माणसाचे नाव लिहिण्याची रीत नव्हती.

देवघरातले टाक तर थेट आपल्या विषयाशी येऊन भिडतात. सोन्याचांदीच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर उठावाचे काम करून कुळातल्या वीराची प्रतिमा केली जाते आणि खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारी ठेवून ती पुजली जाते. नाशकात धुळवडीला घराघरांतले वीर मिरवत गोदावरीवर नेले जातात. पिढ्यानपिढ्या हे चालू आहे. लढाईत मेलेल्या आपल्या माणसाला धातूत घडवून घरात ठेवणे मराठी घराला परके नाही. त्याला कोणी दिखाऊपणा म्हटलेले मी ऐकलेले नाही. ज्यांच्याकडे जास्त होते त्यांनी सोन्याचा टाक केला, ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी पितळेचा. दोघांच्या भक्तीत फरक पडला नाही.

इथे एक विचित्र जुळणी दिसते. वीरगळ आणि टाक यांत रूप आहे, नाव नाही. ओळखचकतीत नाव आहे, रूप नाही. परंपरेने वीर जपला आणि माणूस विसरला. दफ्तराने माणसाची नोंद जपली, पण चेहरा त्याच्या कामाचा नव्हता. ज्या लॉकेटमध्ये एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला चकती आणि भोवती आपल्या मुलुखातल्या कारागिराची नक्षी असते, त्यात हे दोन्ही तुकडे प्रथमच एकत्र येतात. म्हणून मी त्याला दागिन्यांची नवी टूम मानत नाही. दोन अपुऱ्या स्मृतींना पुरे करणारी ती वस्तू आहे.

सरकारे स्वतःही या वाटेने गेली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याने मृतांच्या घरी काशाची 120 मिलिमीटर व्यासाची चकती पाठवली. तेरा लाखांहून अधिक चकत्या ओतल्या गेल्या. तिच्यावर सिंह होता, ब्रिटानिया होती आणि मृताचे नाव होते. त्याचा हुद्दा मात्र मुद्दाम वगळला होता, कारण बलिदानात वरचा-खालचा असा भेद नसतो. बसऱ्याच्या भिंतीवर जे साधले नाही ते या हातात मावणाऱ्या वस्तूत साधले गेले. भिंत उभी करताना आलेली वर्गवारी घरी पाठवायच्या वस्तूत आली नाही. माणूस घरच्यांच्या अंगाने पाहिला की त्याचा हुद्दा आपोआप गळून पडतो.

सौंसरच्या बाबतीत हे म्हणणे अधिकच खरे ठरते, कारण या मुलुखाचा पत्ता सतत बदलत आला आहे. हा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य खालसा झाल्यावर तो इंग्रजांच्या मध्य प्रांतात गेला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. 1956 साली विदर्भ निघाला आणि सौंसर ज्यात होते तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजार नागपूरचा, मुले शिकायला नागपूरला आणि सरकारी कागद भोपाळचे. महाराष्ट्राच्या वीरांची यादी निघाली तर सौंसरचा माणूस तीत नसतो, आणि मध्य प्रदेशच्या यादीत तो असतो तेव्हा त्याची भाषा तिथे नसते. जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून जुन्या नोंदींतला त्याचा जिल्हाही आता वेगळा दिसतो. पत्त्यातल्या जवळजवळ सगळ्या ओळी बदलल्या तरी चकतीवरचे नाव आणि नंबर तेच राहतात. सीमेवरच्या मुलुखातल्या घराला ते नाव जवळ, अगदी हाताला लागेल असे, ठेवावेसे वाटणे साहजिक आहे.

मृत्यूही इथून फार दूर नसतो. 4 मे 2024 रोजी पूँछमध्ये हवाईदलाच्या ताफ्यावर हल्ला झाला. त्यात कॉर्पोरल विक्की पहाडे गेले. ते छिंदवाड्याचे. महिना-सव्वा महिन्यात, जूनमध्ये, कठुआतल्या चकमकीत केंद्रीय राखीव पोलीस दलाचे कबीरदास उइके गेले. तेही छिंदवाडा जिल्ह्यातलेच. एक हवाईदलाचा, एक राखीव पोलिसांचा. केंद्र आणि राज्यांच्या पोलीस दलांतल्या शहिदांचे राष्ट्रीय पोलीस स्मारक आणि फौजेचे राष्ट्रीय युद्धस्मारक अशी दिल्लीत दोन वेगळी स्मारके आहेत. ती 2018 आणि 2019 मध्ये खुली झाली. दोन्हींवर मिळून साठ हजारांच्या घरात नावे आहेत. ही दोन्ही कामे फार चांगली झाली. पण सातपुड्याच्या कुशीतल्या आईला दिल्लीच्या ग्रॅनाइटवरचे नाव बोटाने चाचपायला आयुष्यात किती वेळा जाता येणार? तिच्या गळ्यातले लॉकेट तिला रोज चाचपता येते.

1999 च्या कारगिल युद्धापर्यंत तर देहही सहसा घरी येत नसे. आधीच्या युद्धांत पडलेल्या बहुतेकांचे अंत्यसंस्कार मोर्च्याजवळच होत आणि घरी यायचे ते सामान: ट्रंक, कपडे, घड्याळ, पत्रे. नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 च्या इटलीतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची कबर कुठेच नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. ज्या घरात देह आला नाही तिथे वस्तूच देहाच्या जागी उभी राहते. अशा वस्तूला चांगले घर करून देणे ही चैन कशी म्हणायची?

आता ज्या मुद्द्यावर मला सर्वांत ठामपणे बोलायचे आहे तो मांडतो. नवरा गेला की बाईच्या गळ्यातले आपण काढून घेतो. मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे सगळे त्याच दिवशी, त्याच गर्दीत होते. विदर्भाकडे जे डोरले लग्नात गळ्यात पडते ते त्या दिवशी उतरते. बाहेर फटाके, तिरंगा आणि ‘अमर रहे’च्या घोषणा चालू असतात आणि आत तिचा गळा मोकळा केला जात असतो. तिला ‘वीरपत्नी’ म्हणायचे आणि तिच्या अंगावर त्या वीराची एकही खूण उरू द्यायची नाही, हे मला सहन होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली आणि महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसेच करायचे आवाहन केले. ते परिपत्रक सौंसरला लागू होत नाही, कारण सौंसर महाराष्ट्रात नाही. पण हेरवाडची अक्कल राज्याच्या सीमेवर थांबायचे कारण नाही.

तिला मंगळसूत्र ठेवायचे असेल तर ते तिने ठेवावे. आणि त्या जागी किंवा त्याबरोबर तिला नवऱ्याच्या नावाची चकती घालायची असेल, नक्षी करून, जाळीकाम करून, हव्या त्या धातूत, तर त्यात बोलण्यासारखे काही नाही. मंगळसूत्र सौभाग्याचे म्हणून नवऱ्याच्या हयातीशी बांधले गेले. हे लॉकेट हयातीवर अवलंबून नाही. कोणीतरी जगले, लढले, त्याचे एक नाव होते आणि त्या नावावर माझा हक्क आहे, एवढेच ते सांगते. तो हक्क आईचाही आहे, बहिणीचाही आणि लेकीचाही. फौजेत आज मुलीही आहेत, म्हणून उद्या तो बापाचा आणि नवऱ्याचाही असेल.

विरोधी बाजूचे तीन आक्षेप मला खरे महत्त्वाचे वाटतात.

पहिला आक्षेप फौजेच्या शिस्तीतून येतो. चकती साधी असते कारण फौजेत सगळे सारखे. तिला सोन्यात मढवले की श्रीमंत शहीद आणि गरीब शहीद असा भेद होईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच सेवेत असलेल्या जवानाच्या गळ्यात सरकारी चकती आहे तशीच राहायला हवी. तिच्यावर सोन्याचे पाणी नको, तिला दुसरे आवरण नको, तिच्या जागी दागिना तर मुळीच नको. लॉकेट घरच्यांचे असते आणि त्यात घरच्यांकडे आलेली चकती किंवा तिची प्रत असते. समानतेचा नियम फौजेचा आहे आणि तो फौजेत पाळला जावा. दुःख व्यक्त करण्याची पद्धत घराघरांची आपापली असते. टाक सोन्याचा की पितळेचा, याने वीर लहानमोठा झाला नाही, तसाच इथेही होणार नाही.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. अशा चकत्या आज फॅशन म्हणून विकल्या जातात. ज्याने परेडचे मैदानही पाहिले नाही तो साखळीत दोन खोट्या पट्ट्या अडकवून फिरतो. हे मला मनापासून खटकते. शिपायाच्या गळ्यातली चकती एक करार सांगते: मी मेलो तर माझे नाव घरी पोहोचवा. ज्याने तो करार केला नाही त्याने त्याची खूण मिरवू नये. पण यावरचा उपाय घरच्यांना अडवणे हा नाही. ऑस्ट्रेलियात 25 एप्रिलच्या अँझॅक दिनी मृत सैनिकांचे वारस त्यांची पदके लावतात, पण छातीच्या उजव्या बाजूला. ज्याने मिळवली तो डाव्या बाजूला लावतो. मान दुसऱ्याचा आहे, मी त्याचा वारस आहे, हे एका खुणेने सगळ्यांना कळते. आपल्या लॉकेटलाही असा काही संकेत असू शकतो. चकतीवरच्या नावाशेजारी घालणाऱ्याचे नाते कोरले, अमुकची आई, अमुकची मुलगी, तर खरे आणि नकली यांतला फरक लगेच दिसेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. दागिना दुःखाला घरात बंद करतो आणि समाज मोकळा होतो. लॉकेट आहे ना, मग चौकात पाटी कशाला? घरचे आठवण ठेवतात ना, मग शाळेत त्याचे नाव कशाला? हे घडू शकते आणि अनेक ठिकाणी घडते. मिरवणुकीच्या दिवशी गाव लोटते, पहिल्या वर्षश्राद्धाला पन्नास माणसे येतात आणि पाचव्या वर्षी फक्त घरची. म्हणून मी सुरुवातीपासून दोन जागांबद्दल बोलत आहे. लॉकेट चव्हाट्यावरच्या नावाची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये.

सोनारांशीही थोडे बोलायला हवे, कारण हे काम अखेर त्यांच्या हातून होते. या कामात चकतीच मुख्य आहे, सोने नाही. तिला झाळ देऊ नये, तापवू नये, घासून चकचकीत करू नये आणि तिच्यावर मुलामा चढवू नये. तिच्यावरचा ओरखडा हाही तिच्या मजकुराचाच भाग आहे. तिला पत्र्याच्या घरात, काठाला कडा वळवून असे बसवावे की हवी तेव्हा बाहेर काढता येईल. बिजागरी मजबूत हवी आणि अक्षरे उघडी राहायला हवीत. लष्करी नंबर मात्र दर्शनी बाजूला येऊ देऊ नये. तो घरच्यांच्या कागदपत्रांशी जोडलेला असतो आणि फोटोंतून तो कुठे कुठे जाईल याचा नेम नाही. प्रत करायची असेल तर मूळ वस्तू घरात सुरक्षित ठेवून करावी. घडणावळ घ्यावी, तो त्यांच्या कष्टाचा मोबदला आहे. पण ‘शहीद कलेक्शन’ म्हणून काचेच्या कपाटात मांडण्याचा हा माल नव्हे. घरच्यांनी सांगितल्यावर आणि त्यांच्याशी बोलूनच एकेक घडवावा असा तो जिन्नस आहे. टाक करणाऱ्या कारागिरांना हे शिकवावे लागणार नाही. देवघरात जाणारी वस्तू आणि बाजारात जाणारी वस्तू यांतला फरक ते जन्मापासून जाणतात.

आता सार्वजनिक अर्ध्याबद्दल. पांढुर्णा जिल्हा नवा आहे, म्हणून त्याला एक संधी आहे. जुन्या छिंदवाडा जिल्ह्याच्या नोंदींतून सौंसर आणि पांढुर्णा तहसिलींतल्या प्रत्येक सैनिकाचे, राखीव पोलिसाचे, सीमा सुरक्षा दलाच्या जवानाचे नाव वेगळे काढून एका ठिकाणी आणावे. पहिल्या महायुद्धापासून आजपर्यंत. स्मारकाच्या पाटीवर आकडा नको, नावे हवीत. हुद्द्यांच्या क्रमाने नकोत, वर्षांच्या क्रमाने हवीत. नावाबरोबर गाव हवे. नावे देवनागरीत हवीत, म्हणजे मराठी वाचणाऱ्या आणि हिंदी वाचणाऱ्या दोघांनाही ती वाचता येतील. गोंड आणि कोरकू घरांतल्या जवानांची नावे घरात जशी घेतली जातात तशी विचारून लिहावीत. कचेरीत भरती करताना कारकुनाने कशी लिहिली यावर विसंबू नये. आणि या यादीची प्रत प्रत्येक गावच्या शाळेत असावी. हे काम पैशाचे नाही, तीनचार निवृत्त शिक्षक आणि माजी सैनिक वर्षभरात करू शकतील असे आहे. आणि ते आताच करायला हवे, कारण 1971 चे युद्ध लढलेले लोक आज सत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या बरोबरीने गेलेल्यांची नावे त्यांच्या तोंडून आज मिळतील, आणखी दहा वर्षांनी ती कोणी सांगणार नाही.

ही यादी ज्या दिवशी उभी राहील त्या दिवशी लॉकेटबद्दलचा वादही संपेल. मग कोणी असे म्हणू शकणार नाही की घरच्यांनी दुःखाला सोन्यात मढवून खासगी केले. नाव चौकात आहे, शाळेत आहे, सगळ्यांचे आहे, आणि त्याच नावाचा एक तुकडा ज्या आईने त्याला जन्म दिला तिच्या गळ्यात आहे. सरकारने नाव दिले तर सोनाराने त्याला घर द्यावे. गावाने त्याला दगडावर जागा द्यावी. तिघांनी आपापला भाग केला, तर बसऱ्याच्या भिंतीवर जे घडले ते या मातीतल्या कोणाच्याही वाट्याला पुन्हा येणार नाही.